जुळीचं रक्त

मझिमासीशी माझ्या लग्नाची बोलणी करायला त्याच्याकडची तीन माणसं आली, तेव्हा आत्यानं थोझामाला मागच्या झोपडीत बसवून ठेवलं होतं. थोझामा माझी जुळी बहीण. चेहरा, आवाज, चालायची ढब, सगळं माझंच. कॉलेजच्या पहिल्या वर्षी तिला भिंतीतून बायका बोलताना ऐकू यायला लागल्या. तेव्हापासून ती दर महिन्याला क्लिनिकात जाऊन इंजेक्शन घेते. आई गेल्यावर आम्हा दोघींना आत्यानंच सांभाळलं.

"आज या घरात एकच पोरगी आहे, झोलेका," आत्या मला बजावत होती.

"मग मी कोण, शेळी?" थोझामा आतून ओरडली.

"शेळी असतीस तर गप तरी बसली असतीस."

बोलणी छान झाली. बियरचं भांडं फिरलं, नवऱ्याकडून यायच्या गुरांचा आकडाही जवळजवळ ठरला. निघताना मझिमासीचे काका दाराशी थबकले. तिथं निवडुंगाची दोन झाडं आहेत, आता छपराएवढी झालेली. आमच्याकडे जुळी जन्मली की बाप दाराशी दोन निवडुंग लावतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आत्याला झोपडीचं दार लावायचं सुचलं, झाडं लपवायचं सुचलं नाही.

"एक हिचं," काका म्हणाले. "आणि दुसरं?"

तेवढ्यात मागून थोझामाचं हसणं ऐकू आलं, एकटीचंच, लांबलचक. काकांनी हॅट डोक्यावर चढवली.

"रूप एक, रक्त एक. आमच्या घरात लेकरं जन्मायची आहेत, बाई."

ते गेले. आत्या उंबऱ्यावर बसून रडली. मी भांडी विसळली. थोझामाला बरं नाहीसं झाल्यापासून सगळे माझ्याकडे बघत असत, आता हिची पाळी कधी म्हणून. मी मोठ्यानं हसले की आत्या दचकायची, रडले की शेजारीण डोकावायची. म्हणून मी दोन्ही कमी केलं. पुढं पुढं कमी करावंही लागेना.

मझिमासी मथाथा शहरात बस चालवायचा. त्याचा फोन आला.

"ऐक, तुमच्या क्लिनिकात विद्यापीठाची माणसं आलीत म्हणे. रक्त घेतात, डोक्याच्या आजाराचं मूळ शोधतात. तू तपासून घे. स्वच्छ निघालं की मी काकांना गप्प करतो."

"आणि नाही निघालं तर?"

"निघेल गं," तो म्हणाला, पण जरा थांबून.

थोझामाच्या इंजेक्शनच्या दिवशी मीही तिच्याबरोबर गेले. क्लिनिकामागच्या तंबूत नोलुवो नावाची नर्स बसली होती. हे संशोधन कशासाठी, रक्ताचं काय करणार, तिनं सगळं सावकाश आमच्या भाषेत समजावलं. समजलं का हे बघायला मग प्रश्न विचारायला लागली.

"या रक्तानं तुला बरं वाटेल का, थोझामा?"

"नाही. पुढं कुणाला तरी वाटेल. मी तोवर म्हातारी."

"आणि नको वाटलं तर?"

"उठून जायचं. तुम्ही रागवायचं नाही."

"शाब्बास. भीती वाटते का?"

"सुईची नाही. भिंतीतल्या म्हणतात, देऊ नकोस. पण त्या कशालाच हो म्हणत नाहीत."

नोलुवो हसली. थोझामानं बाही वर केली, नळी भरताना बघत राहिली, आणि चिकटपट्टी लावल्यावर बिस्किटाचा दुसरा पुडा मागितला.

मी माझी बाही वर केली. नोलुवोनं माझ्याकडे पाहिलं, मग थोझामाकडे, आणि डॉक्टरीणबाईंना बोलावलं. बाई बुटक्या, घसा बसलेल्या. त्यांनी मला बाजूच्या बाकावर नेलं.

"तुमचं नाही घेता येणार, ताई. तुलनेला निरोगी माणसं आम्हाला लागतात, पण आजाऱ्याच्या नात्यातली चालत नाहीत. आणि तुम्ही तर एकसारख्या जुळ्या. बहिणीचं घेतलं म्हणजे तुमचं घेतल्यासारखंच आहे."

"मला फक्त आहे की नाही एवढं सांगा. लिहून द्या."

"तसं एक काही नसतंच हो. बारीकसारीक शेकडो फरक असतात, प्रत्येकाचा जोर एवढासा. तेच शोधायला हजारो माणसांचं रक्त जमवतोय. एकाच्या रक्तावरून त्याला होईल की नाही, हे आज कुणी सांगू शकत नाही. तुमचं आणि तिचं रक्त एकच आहे ना? तिला झालं, तुम्हाला नाही झालं. का, ते मलाही माहीत नाही."

"होईल का पुढं?"

"तुमचं वय चौतीस. शक्यता कमी होत जाते. शून्य म्हणणार नाही."

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. तो गरम होता एवढं कळलं. बाही अजून वरच होती, ती मी खाली केली.

बाहेर येऊन मझिमासीला फोन लावला, बाई बोलल्या तसंच्या तसं सांगितलं. मागं त्याच्या बसचं इंजिन सुरू होतं.

"म्हणजे कागद नाही."

"नाही."

"काकांना मी काय सांगू, झोलेका?"

"तुला काय सांगायचंय?"

"प्रवासी खोळंबलेत," तो म्हणाला. त्यानंतर फोन आला नाही. पुढच्या हिवाळ्यात त्याचं लग्न झाल्याचं आत्यानंच दुसऱ्याकडून ऐकलं आणि त्याला खूप शिव्या घातल्या. मी मका कुटत होते, कुटत राहिले. दुखेल म्हणून वाट पाहिली. हात दुखले.

काही वर्षांनी विद्यापीठाची तीच मंडळी गावच्या सभागृहात परत आली, काय सापडलं ते सांगायला. मी चाळिशी ओलांडली होती. मला आजार झाला नव्हता, दुसरंही काही झालं नव्हतं. बाई म्हणाल्या, थोडं सापडलंय, बरंच राहिलंय. इथल्या लोकांच्या रक्तात असं काही दिसलं, जे आधी कुणी बघितलंच नव्हतं. आत्या मध्येच म्हणाली, "म्हणजे पूर्वजांचा कोप नाही?" लोक हसले. मग थोझामा हात वर करून उभी राहिली.

"माझं रक्त कामाला आलं का?"

"आलं," बाई म्हणाल्या. "तुमच्यासारख्या सगळ्यांचं आलं."

थोझामा खाली बसली. ती इतकी खूश मी शाळा सुटल्यापासून पाहिली नव्हती. घरी जाताना वाटेत भेटेल त्याला थांबवून सांगत होती. मी पिशवी धरून शेजारी उभी राहायचे. लोक तिला शाबासकी द्यायचे, मग मला विचारायचे, "आणि तू कशी आहेस?"

"बरी आहे," मी म्हणायचे, आणि आम्ही पुढं चालायला लागायचो.