वेणीचं गाणं

पोरांच्या तोंडाला काळा रंग नको, हे आमच्या मुख्याध्यापकांना सांगून सांगून मी थकले. श्रीनिवास सर शांतपणे ऐकायचे, मान डोलवायचे आणि म्हणायचे, "मंजुषा मॅडम, स्टेज लांबून दिसतं. रंग नसेल तर ही मुलं आदिवासी आहेत हे लोकांना कळणार कसं?"

आता ह्याला काय बोलावं? माणूस वाईट नाही, तेच तर दुखणं आहे. वाईट असता तर भांडून मोकळी झाले असते. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या शाळेच्या गॅदरिंगला तिकीट लावायचं आणि त्या पैशातून भिल्ली बोलीतली चित्रांची पुस्तकं छापायची, ही कल्पना त्यांचीच. कन्नड गावाच्या पुढं डोंगरात एक वस्तीशाळा आहे. तिथली लेकरं पहिलीत येतात तेव्हा पुस्तकातलं काहीच त्यांच्या ओळखीचं नसतं. आईच्या तोंडची बोली कागदावर छापता येते हेच त्यांना माहीत नाही. सर तिथं जाऊन आले आणि कितीतरी दिवस दुसरं काही बोलत नव्हते.

मी गाणं शिकवते. लासूर स्टेशनची, शेतकऱ्याची पोर. पेटी वाजवता येते म्हणून शाळेत लागले, पण दर जूनला नेमणुकीची नवी ऑर्डर हातात पडेपर्यंत जीव मुठीत.

पुस्तकासाठी गाणी गोळा करायला वस्तीवर मीच गेले होते. तिथं सरूबाई नावाच्या आजीनं मला एक गाणं दिलं. दिलं म्हणजे खरोखर दिलं. त्यांच्या वस्तीत गाणं असं कुणीही उचलून म्हणत नाही. ज्याचं आहे त्यानं समोर बसवून, डोक्यावर हात ठेवून ते द्यावं लागतं. दिलेलं माघारीही घेता येतं, आणि एकदा घेतलं की ते पुन्हा ओठावर आणायचं नाही.

गाणं वेणी घालायचं होतं. शाळेला निघालेल्या नातीला दोन गुडघ्यांमध्ये बसवून विंचरता विंचरता म्हणायचं. केसातला गुंता निघेपर्यंत तीच ओळ, निघाला की पुढची. सरूबाईनं माझाच अंबाडा सोडला आणि मला ते शिकवलं.

"दिलं तुला," ती म्हणाली. "पुस्तकात घाल, पोरींना शिकव. फकस्त ह्याला कुणी हसायला नगं. हसले तर माघारी घेईन बघ."

"कोण हसतंय मावशी," मी म्हणाले. लई तोऱ्यात म्हणाले.

मग क्रांती चौकाजवळच्या दुकानातनं भाड्याचं सामान आलं. प्लॅस्टिकच्या पानांचे घागरे, पिसांचे मुकुट, थर्माकोलचे भाले, सुतळीच्या केसांचे टोप. गाण्याखाली ढोलाचा ठेका भरला आणि मधेमधे "हुर्र हुर्र" घातलं. मी सरांना म्हणाले, हे वेणीचं गाणं आहे, ह्यात भाले कशाला? मी नाही बसवणार.

"नका बसवू," सर म्हणाले. "मग कार्यक्रम रद्द करू. तिकिटं परत देऊ. पुस्तकांचं काय, ते तुम्हीच त्या लेकरांना जाऊन सांगा. अहो, नुसतं बसून गाणं म्हटलं तर निम्मे पालक उठून जातील."

दमदाटी नव्हती त्यात. जूनचं नावही त्यांनी काढलं नाही, ते माझं मीच काढलं. नाही म्हणावं तर पुस्तकं जातात, हो म्हणावं तर सरूबाईला दिलेला शब्द. शेवटी रंगाची डबी माझ्याच हातात आली आणि पोरांची तोंडं मीच काळी केली.

सरूबाईला यायला जमणार नाही, एवढाच काय तो आधार होता. पण सरांनी तिच्या सत्कारासाठी खास गाडी पाठवली. कडक घडीची जांभळी साडी, तेल लावून चापून बसवलेले केस आणि मांडीवर पर्स, अशी ती पहिल्याच रांगेत येऊन बसली. मला बघून हसली. मी पेटीमागं बसलेली. उठून पळावं असं लई वाटलं, पण पेटी थांबली असती तर पोरं तिथंच अडकली असती.

पडदा वर गेला. म्होरकी होती तिसरीतली सई, आवाजाची गोड. पोरं भाले नाचवत आली, "हुर्र हुर्र" ओरडली आणि हॉल हसला. आईबाप आपल्याच लेकरांना हसत होते, त्यात वाईट हेतू नव्हता. एकाचा मुकुट नाकावर घसरला तसे आणखी हसले. सरूबाई पोरांकडं बघतच नव्हती. ती माझ्याकडं बघत होती. माझी बोटं मात्र चालूच राहिली, आणि त्या बोटांचा मला अजून राग येतो.

ती उठली आणि पायऱ्या चढून स्टेजवर आली. आशीर्वाद द्यायला आली असं समजून सरांनी ढोल थांबवायला लावला.

"तू कोण झालीस गं बाळा?" तिनं सईला विचारलं.

"आजी, मी तुम्ही झालेय," सई म्हणाली. पोर खूश होती.

सरूबाईनं तिथंच मांडी घातली, सईला पुढ्यात ओढलं, सुतळीचा टोप काढून बाजूला ठेवला. पर्समधनं फणी काढली. टोपाखाली केसांचा नुसता गुंताडा झालेला. एक ओळ, आणि तीच ओळ, गुंता निघेस्तोवर. मग पुढची. पदरानं तिनं सईचं तोंड पुसलं, चांगली साडी काळी झाली. हॉलमध्ये कुणी हसलं नाही. वेणी पुरी झाली तेव्हा तिनं सईच्या डोक्यावर हात ठेवला.

नंतर ती माझ्याकडं आली. तोच हात माझ्या डोक्यावर आला आणि मला कळलं.

"तुझ्याकडनं घेतलं," ती हळूच म्हणाली.

"मावशी, पुस्तक..."

"पुस्तकात जाईल की. त्या पोरीला दिलंय."

पुस्तकं छापून झाली, डोंगरात पोचली. गाण्याच्या पानाखाली लिहिलंय, सरूबाईनं सईला दिलेलं. सर अजून विचारतात, "मॅडम, ती वेणीची आयडिया कुणाची होती? कमाल झाली." ह्या वर्षीच्या गॅदरिंगला त्यांना तेच हवंय, आधी रंग लावायचा आणि शेवटी आजीनं पुसायचा. टोप सांगून ठेवलेत. मी अजून नाही म्हणालेली नाही.

माझ्या तासाला सईनं वर्गातल्या एकेकीच्या डोक्यावर हात ठेवून ते गाणं दिलं. आता पोरी एकमेकींच्या वेण्या घालत ते म्हणतात. मला त्यातला प्रत्येक शब्द येतो. मी पेटीचा भाता मिटून गप बसते.

परवा सई पेटीशी आली. "बाई, तुम्हीच तेवढ्या राहिल्यात. देऊ?"

तिनं हात उचलला, पण पेटीवरून तो माझ्या डोक्याला पुरत नव्हता. थोडी वाकले असते तर पुरला असता.

"नको गं," मी म्हणाले आणि दुसऱ्या गाण्याचा सूर धरला.