खंडेनवमीला पुजलेली फ्लॉपी

मी एक जुनी फ्लॉपी आहे, मित्रांनो. तळहातावर मावेल एवढी, काळी, चौकोनी. कॉम्प्युटरमधल्या फाइली एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर न्यायच्या हे माझं काम. अंगावर पत्र्याचं एक सरकतं दार आहे आणि त्या दाराआड माझी नाजूक तबकडी. पोटात फार मावत नसे, पण जे मावलं त्याचा मला अजून अभिमान वाटतो.

१९९९ साली इस्लामपुरात संयोगितानं मला विकत घेतलं. ती कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होती. तिचे आजोबा सयाजीराव फौजेतून सुभेदार होऊन परतलेले. फौजेतला त्यांचा जोडीदार गुंडा मुलाकडे कॅनडात राहायला गेला, तेव्हापासून दोघं इंटरनेटवर बुद्धिबळ खेळत. दर शनिवारी संध्याकाळी सातला आजोबा इस्त्रीचा शर्ट घालून स्टँडमागच्या सायबर कॅफेत हजर.

पण त्या वेबसाइटवरच्या सोंगट्या अगदी बारक्या. काळ्या तर तपकिरी घरांत दिसतच नसत. त्यात आजोबांना मोतीबिंदू. एके शनिवारी त्यांनी आपला वजीर थेट गुंडाच्या घोड्याच्या तोंडी नेऊन ठेवला.

"बास आता," ते उठत शेजारी बसलेल्या संयोगिताला म्हणाले. "मला दिसत न्हाई. गुंडाला कळव, सयाजी दमला म्हणून."

चार दिवस खपून तिनं एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. साइटवरची बारकी चित्रं काढ आणि ही मोठी दाखव, एवढंच ती स्क्रिप्ट ब्राउझरला सांगे. मोठी चित्रंही तिनंच काढली आणि सगळं माझ्या हवाली केलं. कॅफेत ज्या मशीनवर जागा मिळेल तिथं ती मला सरकवायची, स्क्रिप्ट बसवायची आणि पट स्क्रीनभर पसरायचा.

"आता गुंडाचा घोडा बी दिसतोय आन् लबाडी बी," आजोबा म्हणाले. त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

मग खंडेनवमी आली. आजी साळूबाईंनी विळा, खुरपं, आजोबांची जुनी संगीन पाटावर मांडली आणि शेजारी मलाही ठेवलं. आतापर्यंत मला कुणी साधं पुसलंही नव्हतं, त्यामुळे मी हरखून गेले. कुंकू नीट लागावं म्हणून आजींनी माझं दार सरकवलं आणि ओलं बोट थेट तबकडीवर टेकवलं.

दुसऱ्या दिवशी दसरा. चाळीस वर्षांत सयाजी आणि गुंडानं एकमेकांना सोनं दिलं नाही असा दसरा गेला नव्हता. या वर्षी सातला पटावर भेटायचं ठरलेलं. सण म्हणून आजीही कॅफेत आल्या होत्या. पण मशीनमध्ये मी नुसतीच घरघरत राहिले. संयोगितानं मला बाहेर काढून पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. दुसरी प्रत तिनं ठेवलीच नव्हती.

"आवं, म्या पूजा केली ओ," आजी कशाबशा म्हणाल्या.

"संगिनीची करत्यात, तशीच हिची केली. त्यात काय चुकलं?" आजोबा म्हणाले.

संयोगितानं कापसानं माझी तबकडी हलकेच पुसली. मी सारा जीव एकवटला. स्क्रिप्ट आली. पांढऱ्या सोंगट्या आल्या. काळ्या मात्र कुंकवाखाली गेल्या त्या गेल्याच. घड्याळात सातला दहा मिनिटं कमी होती. मग संयोगितानं पांढऱ्या सोंगट्यांची चित्रं पुन्हा उतरवली, त्यांत रंग भरला आणि काळ्यांच्या जागी बसवली. तिनं लाल रंग निवडला.

सातला गुंडा आला. त्याला तिकडे आपल्या सोंगट्या काळ्याच दिसत होत्या. आजोबांना मात्र एकेक लख्ख दिसत होती. त्यांनी खिशातून आपट्याचं पान काढून कीबोर्डवर ठेवलं आणि संयोगिताला म्हणाले, "लिव्ह. सोनं घे, गड्या."

काही क्षणांनी उत्तर आलं, "तू बी घे. दिसतंय न्हवं?"

आजोबांनी चष्मा काढून पुसला. "लय बेस दिसतंय म्हणून सांग," ते म्हणाले.

मित्रांनो, मला वाचणारी मशिनं आता फारशी कुठे उरली नाहीत. मी संयोगिताच्या कपाटात असते. माझं एवढंच ऐका. जे तुम्हाला मोलाचं वाटतं त्याची दुसरी प्रत ठेवा आणि नाजूक वस्तूचं दार उगाच उघडू नका. पण त्या कुंकवाबद्दल माझी तक्रार नाही. दर खंडेनवमीला मला अजून पाटावर मांडतात, संगिनीच्या शेजारी. साळूआजींची नजर आता अधू झाली आहे, तरी माझं दार बंद आहे ना, हे त्या आधी बोटानं चाचपतात आणि मगच कुंकू लावतात.