आधी मला

“आवाज तयार झाला की आधी मला ऐकवा हं, ताई. ह्यांना नंतर. आणि बिघडला तरी आधी मलाच सांगायचं. वचन द्या.”

घशाच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी माइकसमोर बसून धाकटी जाऊ म्हणाली होती. मी दिलं.

आमच्या केंद्रात, ज्यांचा आवाज जाणार त्यांचा आधी टिपून ठेवतात. पुढे त्यातूनच त्यांच्यासाठी बोलणारं यंत्र घडवतात. धाकटी यादीतली वाक्यं वाचून वाचून दमली, तरी चेष्टा सोडली नाही. “सकाळची प्रार्थना होईपर्यंत तुम्ही मौन धरता ना? आता तुमचं व्रत कायमचं माझ्या गळ्यात!” मग हसली. ते हसूही टिपलं गेलं.

हे आवाज साठवणारं केंद्रातलं युनिक्सवर चालणारं मशीन म्हातारं. त्याची डिस्क आचके द्यायला लागली म्हणून मोठी नवी आणली, तर मशीन तिला ओळखच देईना. शेवटी मशीन सांभाळणाऱ्या भाऊंनी तिची मापं स्वतः मशीनमध्ये भरली. “घेतलं बघा मुकाट्यानं!” म्हणाले. जुनीवरचं सगळं नवीवर उतरलं आणि जुनी कायमची बंद पडली.

आज धाकटीची फाइल लावली. हेडफोनमध्ये एक पुरुष बोलत होता, वाक्याच्या मधूनच. नाव पाहिलं. तिचंच. दुसरी लावली, तिसरी लावली. तोच माणूस.

भाऊ धावत आले. पडद्यावरचे आकडे ताडून पाहिले.

“मॅडम, याला एवढी मोठी डिस्क मोजताच येत नाही. मोजणी संपली आणि गेलं परत सुरुवातीला. नवे आवाज जुन्यांवर लिहीत सुटलं.”

“आणि एकदाही तक्रार केली नाही?”

“नाही ना! सगळं ठीक आहे म्हणत होतं.”

“परत मिळेल?”

त्यांनी नकारार्थी मान हलवली. देवाचं नाव घ्यायला गेले, तर रोजचं नाव जिभेवर येईना.

तेवढ्यात दिरांचा फोन. “वहिनी, झाला का आवाज? लेक सारखी विचारतेय, आई कधी बोलणार.”

“आधी तिच्या आईला भेटते, भाऊजी,” एवढंच म्हणाले.

हेडफोन खुंटीला अडकवले, चपला घातल्या. जिना उतरताना धाकटीचं ते ‘आधी मलाच सांगायचं’ मनात घोळवत राहिले, अगदी तिच्याच हेलात, आणि तिच्या घराच्या रस्त्याला लागले.