कोंडझरीत माणसं राहतात

तीस वर्षं झाली, दारव्ह्यात बसस्टँडच्या मांगं माहा फोटो स्टुडिओ हाय. या तीस वर्षांत मी माणसाबिगर फोटो काढला नाही. लग्नातले काढले, बारशातले काढले, फॉर्मावर डकवाचे काढले. दोन-चार वेळा मयताचाही काढला, पण त्यातही माणूस होताच ना बाप्पा. खाली जागेचा फोटो कायले काढाचा, जागा काय पैसे देऊन तसबीर भिंतीले लावते? म्हणून दोन हजार सहाच्या श्रावणात कोंडझरीचे विठ्ठलराव दुकानात आले आन् म्हणाले का हबीबभाई, आमच्या गावाचा फोटो काढा, तं मी पह्यले हेच विचारलं का गावातल्या कोणाचा.

कोण्या एकाचा नाही, ते म्हणाले. वावरं, झाडं, नाला, घरं, सारं एका फोटोत आलं पाहिजे. एकाच जागेवरून तीन फोटो. एक पावसाळ्यात, एक हिवाळ्यात, एक उन्हाळ्यात.

मले वाटलं हा माणूस कॅलेंडर छापून राह्यला. मंग त्याईनं सारी भानगड सांगतली आन् मले हासाव का डोकं फोडून घ्याव तेच समजेना.

कोंडझरी दोनशे माणसाचं गाव. पण जिल्ह्याच्या एका कचेरीतल्या रजिस्टरात ते बेचिराग म्हणून लिहेल होतं. बेचिराग म्हणजे जिथं कोणी राहत नाही, संध्याकाळी कोणी दिवा लावत नाही, नुसती जमीन पडेल हाय, असं गाव. कोण्या काळी साथ-बिथ आली असंन, लोक उठून गेले असतीन, मंग परतही आले. पण परत आलो म्हणून कचेरीत सांगाले कोणी गेलं नाही. कोंडझरीवाले शेजारच्या गावाच्या यादीतून मत देत, तिसऱ्याच गावातून रेशन आणत, आन् साठ-सत्तर वर्षं कोणाचंच काही अडलं नाही. अडलं ते समीक्षाचं.

समीक्षा विठ्ठलरावची पोरगी. फाट्यावरच्या शाळेत पाच किलोमीटर पायी जाऊन-येऊन बारावी झालती. आता तिले दारव्ह्याच्या कॉलेजात जाचं होतं. गावात एसटी येत नव्हती आन् जीपवाले माणसं टपावर बसवते. बापानं सांगतलं, एसटी आली तं शिक, नाही तं लगन. पोट्टीनं स्वतःच्या हातानं एसटीकडं अर्ज केला. उत्तर आलं का सदर गाव बेचिराग असल्यानं तिथं गाडीत चढाले कोणी नाही, सबब गाडी देता येत नाही. हे उत्तर पोस्टमननं तिच्या घरी, कोंडझरीत, तिच्याच हातात आणून देलं.

ती त्या रजिस्टरवाल्या कचेरीत गेली. तिथल्या प्रेमसिंग बाबूपुढं उभी राह्यली आन् म्हणाली का मी त्याच गावात राह्यतो. बाबू मोठा सभ्य माणूस, त्यानं तिले बसाले खुर्ची देली. म्हणे, तू राहत असशीन बाई, पण गाव वसेल हाय याचा पुरावा लागते. मंग त्यानं कुठून तरी एक नियम काढला. एकाच जागेवरून तिन्ही हंगामाचे फोटो पाहिजेत, त्यात गाव दिसलं पाहिजे आन् माणसं दिसली पाहिजेत.

विठ्ठलरावनं पोरीले शब्द देला. तीन हंगाम थांबतो. उन्हाळ्यापर्यंत कागद झाला तं कॉलेज, नाही तं मे महिन्यात लगन. उमरखेडचं एक स्थळ तसंही दोनदा चहा पिऊन गेलतं.

पह्यला फोटो काढाले मी पोळ्याच्या दिवशी गेलतो. नाल्यापलीकडच्या टेकाडावर, पळसाखाली, समीक्षानं एक दगड रोवून ठेवला होता. तिथं उभं राह्यलं का समोर कापसाची हिरवीगार पऱ्हाटी, डाव्या हाताले तुरी, मांगं कवेलूची घरं आन् त्याच्यावर उतरेल ढग. खरं सांगतो, मी तीस वर्षं पडद्यावरचं काश्मीर मांगं लावून फोटो काढले, पण असं काही माह्या डोळ्याले दिसलं नव्हतं. पण आमच्याकडं फोटोवाला आला म्हटलं का माणूस घरात राहत नाही. सारं गाव नवे कपडे घालून, पोट्ट्याईले पावडर चोपडून टेकाडावर आलं. संगं झुला घातलेले, शिंगं रंगवलेले बैल. आन् सारे माह्या पुढ्यात तीन रांगा करून उभे राह्यले.

मी म्हटलं हटा. तं उकंडा म्हणून एक शेतकरी, विठ्ठलरावचा शेजारी, मलेच विचारते का हबीबभाई, गावाचा फोटो काढता आन् गावालेच हटवता काय? आन् खोटं कायले बोलू, माह्या हातालेही सवय होती. म्हाताऱ्याईले मीच खाली बसवलं, उंच माणसं मीच मांगं नेली, मान वर करा, हासा, असं मीच म्हटलं आन् बटन दाबलं. धुऊन पाहतो तं काय. दोनशे माणसं, चाळीस शिंगं आन् आभाळ. घर एकही नाही.

प्रेमसिंग बाबूनं फोटो उलटा-सुलटा करून पाह्यला. माणसं हायेत, म्हणे, बैलही तब्येतीनं बरे हायेत. गाव कुठं हाय? हे तं कोणत्याही यात्रेतले लोक असू शकतात.

समीक्षा माह्यावर अशी चिडली का दोन महिने दुकानापुढून गेली तरी मान वळवत नव्हती. तिचं बरोबरच होतं. मलेच माही लाज वाटली.

दुसऱ्या खेपेले, डिसेंबरात, तिनं सारं आपल्या हाती घेतलं. कोणी टेकाडावर याचं नाही, ज्यानं-त्यानं आपल्या दारात उभं राहाचं, असं घरोघरी सांगतलं. पण त्या साली कापसाची खरेदीच सुरू होईना. आज होते, उद्या होते, करता करता लोकाईनं कापूस घरात भरला. पह्यले एका खोलीत भरला, मंग दुसऱ्या, मंग चुलीपर्यंत आला. माणसं अंगणात आली. विठ्ठलरावचं घर तं असं गच्च झालतं का त्याईची बाज बाहेर, चूल बाहेर, देवही गोठ्यात नेऊन मांडले होते. दार लावलं तं लागत नव्हतं, कापूस बाहेर येत होता. तरी वावरात अजून कापूस फुटतच होता, म्हणून सारं गाव तिकडं येचाले गेलतं.

मी दगडाजवळ उभा राह्यलो. धुकं उठलं होतं. वावरं पांढरी, खिडक्या पांढऱ्या, दारं पांढरी. मोठं सुंदर दिसत होतं आन् मोठं विचित्र. माणसं होती हो, पऱ्हाटीत वाकेल होती. दुरून त्याईच्या पाठी ढेकळाएवढ्या दिसत. दारात उभी एकटी समीक्षा, तिच्या मांगून कापूस डोकावते, आन् तिचा दुपट्टाही नेमका पांढरा.

बाबूनं यावेळी भिंग काढलं. ते फोटोभर फिरवून म्हणे, गाव दिसलं, पण हे तं गोदाम हाय.

मी म्हटलं, माणसं वावरात हायेत, वाकून कापूस येचून राह्यली.

त्याईले उभं राहाले सांगाचं होतं, तो म्हणाला.

माहं डोकं सटकलं. म्हटलं बाबू, कापूस उभ्यानं येचाचा असते का? तो रागावला नाही. फाईलवर त्यानं सुंदर अक्षरात शेरा मारला का स्थळी कापसाची वस्ती आढळली, माणसाची आढळली नाही. पण उन्हाळ्याचा फोटो चांगला आला तं मांगच्या दोन्हीकडं डोळेझाक करतो, एवढं मात्र कबूल केलं.

म्हणजे सारा भार तिसऱ्या फोटोवर आला. एप्रिलात मी गेलो तं गावात दोन म्हाताऱ्या आन् चार कुत्रे. बाकीचे कोणी वीटभट्टीवर, कोणी पांढरकवड्याकडं ट्रक भराले. वावरं काळी, भेगा पडून उलेल. पळस मातर लालभडक फुलला होता. समीक्षा माह्या संगं टेकाडावर आली. आम्ही अर्धा तास उभं राह्यलो, पण गावात काही हालत दिसेना. मले पह्यल्यांदा वाटलं का बाबूचंच खरं हाय, हे गाव बेचिरागच हाय आन् ही पोट्टी उगाच भांडून राह्यली. मी बटन दाबलं नाही. तो फोटो बाबूच्या हातात देणं म्हणजे आपल्याच हातानं सही करून देणं होतं.

"लोक येतीन चाचा," ती म्हणाली. "मे महिन्यात येतीन."

मे महिन्यात विठ्ठलराव दुकानात आले. फोटोसाठीच आले, पण लग्नाच्या. तारीख चौदा मे, नवरदेव उमरखेडचा, बियाण्याच्या दुकानात कामाले. मी त्याईले नाही नाही ते बोललो. म्हटलं तुम्ही पोरीले शब्द देला होता. ते म्हणाले, मेपर्यंतच देला होता, आन् मे लागला. तोंड पडेल होतं त्याईचं, पण माणूस हटला नाही. माहा एवढा संताप झाला का त्याईले चहाही विचारला नाही. घरी बायकोले, सुग्राबीले सांगतलं, मी या लग्नात जात नाही. ती म्हणे, दुसरा फोटोवाला गेला तं पोरीले बरं वाटंन काय? म्हणून गेलो.

लग्नाच्या दिवशी कोंडझरी ओळखू येत नव्हती. वीटभट्टीवरचे आलते, ट्रक भरणारे आलते, सारे सोयरे आलते, वरून उमरखेडची दोन गाड्या वरात. मी मांडवात रोल भरत होतो तं समीक्षानं मले बोलावलं. अंगाले हळद, पिवळं लुगडं, डोळे सुजेल.

"चाचा, आज गाव भरलं हाय. तिसरा काढून घ्या."

मी म्हटलं, "आता कायले बेटा?"

"मले एकटीलेच जाचं होतं का त्या गाडीत?" ती म्हणाली.

आन् मुहूर्ताले घंटाभर असताना तिनं बॅंडवाल्याचा माईक हातात घेतला. ज्यानं-त्यानं दारात उभं राहा. जवान पोट्टे कवेलूवर चढा, पण कवेलू फोडू नका. टेकाडावर कोणी जाचं नाही. वरातीतल्या लोकाईले वाटलं इकडची ही काही रीतच असंन, आन् सोयरीकीत नवीन गावची रीत कोण मोडते? नवरदेवाची आई उकंडाच्या दारात पदर घेऊन उभी राह्यली. नवरदेव बाशिंगासकट एका गोठ्यापुढं उभा केला. विठ्ठलराव आपल्या घराच्या दारात जाऊन हात जोडून उभे राह्यले.

मी भर उन्हात टेकाड चढलो. काळी वावरं, फुलं झडेल पळस, नाल्यात थेंब नाही. आन् मांगं सारं गाव, घराघरातून माणूस, कवेलूवर माणूस, आन् मधात मांडवापुढं एक पिवळा ठिपका. माह्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला फोटो हाय, आन् काढताना मी रडत होतो. लपवाचं काय त्यात.

बाबूनं पेनाच्या टोकानं डोके मोजले. मंग हं म्हणाला, वसेल दिसते. रजिस्टरातला तो शब्द लाल रेघ मारून खोडला, सही केली, शिक्का मारला. माह्यानं राहवलं नाही. मी बोलून बसलो का यातले अर्धे लोक बाहेरगावचे पाहुणे हायेत आन् हे त्या पोरीचं लगन हाय, जिच्यासाठी हा सारा खटाटोप होता. त्यानं फोटो फाईलमध्ये टाचला आन् शांतपणे म्हणाला, "फोटोत कोण कुठचा ते लिहेल नसते."

जुलैत गाडी सुरू झाली. सकाळी पावणेसातले कोंडझरीतून निघते, कॉलेजपुढं थांबते, दहाले परत जाते.

मंग रोज आठाच्या सुमारास विठ्ठलराव माह्या दुकानापुढं दिसू लागले. हातात कापडी थैली, थैलीत काही नाही. मी हप्ताभर बोललो नाही, राग होताच. आठव्या दिवशी विचारलं का दवाखान्याचं काही हाय काय. ते म्हणाले, नाही. मंग कोर्टाचं? तेही नाही. शेवटी सांगतलं. कंडक्टर म्हणाला होता का महिनाभर कोणी चढलं नाही तं गाडी बंद होते. गावातून कॉलेजात जाणारं सध्या कोणी नाही. उकंडाची पोरगी अकरावीत हाय, तिले अजून दोन साल हायेत.

"मंग तोवर?" मी विचारलं.

"तोवर मी चढतो," ते म्हणाले. "कॉलेजपुढं उतरतो. पह्यली घंटा होयेपर्यंत तिथंच उभा राह्यतो. चौकीदार विचारते, कोणाच्या ॲडमिशनसाठी आले?"

मी आतून स्टूल आणून देला. चहा सांगतला. समीक्षा काय म्हणते, असं विचारलं.

"दर इतवारी शेजाऱ्याच्या घरी फोन करते. माह्यासंगं दुसरं काही बोलत नाही. गाडी येते का, तेवढं विचारते आन् ठेवून देते."

"तुम्ही काय सांगता?"

"येते म्हणतो. भरून जाते म्हणतो."

त्याईनं चहा संपवला, भिंतीवरचं घड्याळ पाह्यलं आन् थैली घेऊन उठले. परतीच्या गाडीतही चढाले दुसरं कोणी नव्हतं.