मेपलचा पाक आणि बंदुकीचा कर

१९७४ सालची गोष्ट. मार्चचा पहिला मंगळवार म्हणजे अमेरिकेतल्या व्हरमाँटमधल्या आमच्या गावसभेचा दिवस. सगळं गाव शाळेच्या सभागृहात जमतं, वर्षाचे कर ठरवतं आणि एकत्र जेवतं. त्या वर्षी एक ठराव होता : गावातल्या बंदूक-विक्रेत्यांवर कर बसवावा आणि त्यातून वाचनालयाचं छप्पर दुरुस्त करावं.

विक्रेते कसले, विक्रेता एकच होता. अल्टन प्रॉक्टर. घराच्या पुढच्या खोलीत हरणाच्या शिकारीच्या चार बंदुका आणि मासे धरायचे गळ विकायचा. कर बसला तर दुकानाला कुलूप लागणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

ठराव वाचनालयाच्या हेस्टर विलर्डबाईंचा.

"पावसाळी दिवसांत पुस्तकांवर छत्री धरून बसते मी," त्या म्हणाल्या.

"मग छत्र्यांवर कर लावा की, बाई," अल्टन म्हणाला.

"छत्रीने कुणी माझ्या अंगणातला भोपळा उडवला नाही."

"नेम चुकला होता हो तो."

"आणि हा लोकांना नेमबाजी शिकवतो."

हशा काही थांबेना. अध्यक्ष होते माझे सासरे, लायमन टटल. ते हातोडी आपटत राहिले. तासभर वाद झाला, आणि आतून पाकाचा वास सुटला.

मेपलच्या झाडाचा रस आटवून केलेला वर्षाचा पहिला पाक होता तो. स्वच्छ बर्फाच्या परातींवर तो उकळता ओतायचा, क्षणात त्याची चिवट तार होते, ती काट्याला गुंडाळून खायची आणि गोडाने जीभ जड झाली की आंबट मुरवलेली काकडी चावायची. यात थांबायला मुळी वाव नसतो.

सासूबाई दारात आल्या. "पाक उतरलाय. बर्फ वितळतोय. मी ओतते."

"ब्यूला, आधी मतदान."

"मतदान थांबेल. पाक थांबायचा नाही."

आवाजी मतदानात कौल कळेना. सासरे घाईघाईने नेहमीचंच म्हणाले, "ठरावाच्या बाजूचे स्वयंपाकघराच्या भिंतीला, विरोधातले खिडक्यांकडे."

त्याच क्षणी सासूबाईंनी पाक ओतला.

सगळं सभागृह स्वयंपाकघराकडे लोटलं. खिडक्यांकडे उरले ते मधुमेहवाले आणि कवळीवाले. पाकाकडे धावणाऱ्यांत सर्वांत पुढे, हातात काटा घेऊन, खुद्द अल्टन.

सासऱ्यांनी डोकी मोजली. नियम तो नियम. "ठराव मंजूर."

अल्टनचा काटा हवेतच राहिला. पुढचा विषय वाचायला घेण्याआधी मंजूर ठराव पुन्हा उघडता येत होता, पण ती मागणी जिंकलेल्या बाजूच्याच माणसाने करायची, असा आमचा नियम. अल्टन तर जिंकलेल्या बाजूलाच उभा होता. त्याने हात वर केला.

"म्म्म," तो म्हणाला. दोन्ही जबडे पाकाने चिकटले होते.

"सभासदाने स्पष्ट बोलावं."

"म्म्म. म्म्म."

शेजारपाजारच्यांनी त्याच्यासाठी तोंड उघडायचा प्रयत्न केला, पण सगळ्यांची तीच गत. कवळीवाल्यांना स्वच्छ बोलता येत होतं, पण ते हरलेले. सासऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला. शेवटी डोळ्यांवर चढवून पुढचा कागद उचलला.

त्या भिंतीला मोकळ्या तोंडाचं एकच माणूस होतं. मतमोजणी होईपर्यंत खायचं नाही, म्हणून हेस्टरबाई रिकामी बशी धरून उभ्या होत्या. त्यांनी अल्टनकडे पाहिलं. तो घामाघूम झाला होता.

"अध्यक्षमहाराज," त्या म्हणाल्या, "फेरविचार व्हावा. असं मिळालेलं छप्पर मला नको. त्यातून जन्मभर टोमणे गळतील."

मग त्यांनी अल्टनच्या हातात काकडी दिली. "चाव."

जेवणानंतर, जागेवर बसूनच, पुन्हा मतं झाली. ठराव थोडक्यात पडला. तोंड सुटल्यावर अल्टनचं पहिलं वाक्य होतं, "भोपळा मुद्दाम नव्हता फोडला, बाई."

त्या उन्हाळ्यात त्याने वाचनालयाचं छप्पर स्वतः ठोकून दिलं. तरी एक कोपरा गळतच राहिला. हेस्टरबाईंनी तिथे शिकारीची पुस्तकं ठेवली. दोघांचं लग्न होईल म्हणून गाव कितीतरी वर्षं वाट पाहत होतं. झालं नाही. दर सभेला मात्र शेजारी बसायचे आणि उलट मत द्यायचे. अल्टन गेला त्या वर्षी बाई सभेला आल्या नाहीत. त्याच्या पुढच्या खोलीत आता त्याची भाची लोकर विकते. सासरे अध्यक्ष होते तोवर मतदान जेवणानंतरच घेत आले. सासूबाईंच्या पराती माझ्याकडे आहेत.

मला आता कवळी आहे. पाक मी ओतते आणि खिडकीकडे जाऊन बसते.