ओंडक्यापाशी एक जागा

काल दुपारी कापून टाकलेला तुकडा आज पुन्हा आपल्या जागी येऊन बसला होता.

मेलेआनेनं खुर्ची पुढे ओढली आणि तो कॉम्प्युटरवर परत चालवून पाहिला. लोसे आत्या कापड करायला मोगरीनं झाडाची साल ठोकतेय. टक्, टक्, टक्. लांब ओंडक्यापाशी ओळीनं बसलेल्या सगळ्या बायकांच्या मोगऱ्या एका तालात पडतायत. आणि मध्येच आत्याची मोगरी थांबते. तिच्या मागोमाग बाकीच्यांच्याही थांबतात. आत्या बाजूला कुठंतरी बघते. मग पुन्हा टक्, टक्.

"ह्या फिनाउला काही कळतं का गं?" मेलेआने म्हणाली. "एवढा छान ताल जमलाय, त्यात हा खड्डा कशाला?"

शेजारच्या कॉम्प्युटरवर पिसिला भाजलेलं केळं खात होती. "मला काय विचारतेस? भाऊ तुझा. त्याला विचार."

"तू विचार."

"म्हणजे मी तुमची पोस्टमन! पगाराचं काय ते आधी ठरवा."

यात चूक केलेपी सरांची होती. सर आमच्याच बेटावर जन्मले, पण तीन वर्षांचे असताना ऑकलंडला गेले आणि थेट कॉलेजात शिकवायलाच परत आले. त्यांनी चिठ्ठ्या टाकून वर्गाच्या जोड्या लावल्या. दर जोडीला एक कॉम्प्युटर, आणि एक छोटी फिल्म दोघांनी मिळून करायची. मेलेआने आणि फिनाउ यांची आडनावं वेगळी, त्यामुळे सरांना संशय यायचं कारण नव्हतं. आमच्याकडे कुणी बापाचं नाव आडनाव म्हणून लावतो, कुणी आजोबाचं. या दोघांचे बाप सख्खे भाऊ. आणि चुलत-सख्खं असला हिशोब आम्ही करत नाही, भाऊ तो भाऊच.

वयात आलेल्या बहीणभावानं एका खोलीत बसून पडद्याकडे बघायचं नसतं. पडद्यावर कधी काय येईल सांगता येत नाही, आणि भलतंच काही आलं तर दोघांनाही मेल्याहून मेल्यासारखं. माझ्या ओळखीची अशी घरं आहेत, जिथं बातम्या लागल्या तरी भाऊ उठून ओट्यावर जाऊन बसतो.

"अरे, पण तुमच्या फिल्ममध्ये म्हाताऱ्या साल ठोकतायत!" सर म्हणाले होते. "त्यात लाजण्यासारखं काय आहे?"

फिनाउनं मान खाली घातली. "सर, मी सकाळी येईन. ताई दुपारी येईल."

"आणि एडिटिंग करताना एकमेकांशी बोलणार कसे?"



शूटिंग उघड्यावर होतं, त्यामुळे ते निभावलं. फिनाउच्या खांद्यावर कॅमेरा, मेलेआनेच्या हातात माइकची काठी, आणि मध्ये आत्याच्या गटातल्या डझनभर बायका. खरी गंमत पुढे आली. मेलेआने दुपारी दोन शॉट जोडून जायची. दुसऱ्या दिवशी येऊन बघावं तर जोड तोच, पण केसभर सरकलेला. आधी मोगरी हवेत असताना चित्र बदलायचं आणि डोळ्याला खुपायचं. आता पहिल्या शॉटमध्ये मोगरी उचलली जायची आणि दुसऱ्या शॉटमध्ये सालीवर आपटायची, आणि मध्ये कापलंय हे देवालासुद्धा कळलं नसतं. एकदा त्यानं आत्याचा चेहरा दाखवून खाली आवाज मात्र मोगऱ्यांचा चालू ठेवला. असंही करता येतं! त्या दिवशी मेलेआनेनं सगळ्या शॉटचे आवाज उलटसुलट लावून पाहिले आणि संध्याकाळपर्यंत जेवायचं विसरली.

चौतिसाव्या वर्षी माणसाला असं कुतूहल सुटलं की आवरत नाही. आजवर तिनं आईबरोबर बाजारात अळकुड्या आणि केळी विकली होती. गिऱ्हाईक टोपलीपाशी यायच्या आधीच त्याच्या चेहऱ्यावरून ती ओळखायची, हा घेणार की नुसता चिवडून जाणार. चेहरे वाचणं एवढीच काय ती तिची विद्या. या कोर्सला तिनं नाव घातलं त्याचंही मूळ तेच. आपण केलेलं काहीतरी लोक अंधारात बसून बघतायत आणि त्यांचे चेहरे बदलतायत, हे तिला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. कोर्स संपताना फिल्म चर्चच्या हॉलमध्ये आत्याच्या गटाला दाखवायची होती. भिंतीला टेकून, पडद्याकडे पाठ करून बसायचं आणि फक्त बायकांचे चेहरे बघायचे, हे तिनं पहिल्या महिन्यातच ठरवून टाकलं होतं.

तो खड्डा मात्र तिनं तिसऱ्यांदा कापला आणि फिनाउनं तिसऱ्यांदा परत लावला. पिसिलाकडून निरोप एवढाच आला, "ताईला म्हणावं, तुला नकोच असेल तर काढ."

असं बोलल्यावर कोण काढेल?

शनिवारी ती आत्याकडे गेली. आत्या म्हणजे बापाची थोरली बहीण. आमच्याकडे तिच्या शब्दापुढे बापाचंही चालत नाही. आत्या अंगणात साली भिजत घालत होती.

"आत्या, तुम्ही ठोकता ठोकता थांबता का हो मध्येच?"

"मी? मी कशाला थांबू? मी थांबले तर सगळ्या टवळ्या गप्पा मारत बसतील."

मेलेआनेनं फोनवर तो तुकडा लावून दिला. आत्यानं हात पुसले, फोन डोळ्यांशी धरला, मग लांब धरला.

"सेइनी बसायची तिथं," ती शेवटी म्हणाली.

सेइनी म्हणजे फिनाउची आई. ती गेली त्याला वर्ष झालं होतं. मेलेआनेनं काकूच्या मयताला रीतीप्रमाणे चटई नेऊन दिली होती, इतरांसारखी रडलीही होती. पण काकू ओंडक्यापाशी कुठं बसायची, हे बाजारात बसणाऱ्या पुतणीला कुठून ठाऊक असणार?

"नेहमी उशिरा यायची मेली," आत्या म्हणाली. "आम्ही ठोकायला लागलो की मग ही येणार, आणि मी सरकून जागा देणार. अंगाला सवय लागून गेलीय बघ. नीट बघ, सरकतेय की नाही मी?"

मेलेआनेनं बघितलं. तो तुकडा तिनं शंभरदा तरी पाहिला असेल. आत्या थांबते हे तिला दिसलं होतं, बाजूला बघते हेही दिसलं होतं. ती वीतभर सरकते, हे आज दिसलं.

"तू कापत होतीस होय हे?" आत्यानं फोन परत दिला. "काप बाई. थांबलेली मोगरी कुणाला बघायचीय?"

सोमवारी मेलेआनेनं काही कापलं नाही. त्या जागी कोंबडा आरवत होता आणि कुणाची तरी मोटारसायकल जात होती. तो आवाज तिनं काढला आणि शूटिंगच्या दिवसांत कधीतरी टिपलेली समुद्राची हलकीशी गाज तिथं घातली. पुढच्या दुपारी येऊन पाहिलं तर फिनाउनं त्या जागेला हात लावला नव्हता. टेबलाशी एक सोललेलं शहाळं ठेवलेलं होतं, वरचं तोंड तेवढं फोडायचं बाकी. तिला एकदम रडू आलं.

हॉलच्या खिडक्यांवर जुनी सालीची कापडं टांगून भर दुपारी अंधार केला होता. बायका चटयांवर बसल्या होत्या, आत्या मधोमध. मेलेआने ठरवल्याप्रमाणे भिंतीशी जाऊन बसली. तेवढ्यात फिनाउ दाराशी आला. समारंभाला गुंडाळतात तशी कमरेला वडिलांची चटई, केस ओले करून विंचरलेले. त्यानं पडद्याकडे बघितलं, मग बहिणीकडे, आणि काही झालंच नाही अशा थाटात मागं वळला.

"मी भट्टीकडे बघतो," तो पिसिलाला म्हणाला. "जेवण करपायला नको."

हॉलमागं खड्ड्यातल्या भट्टीत सगळ्यांचं जेवण शिजत होतं, आणि तिच्याकडे बघायला चार जण होते.

बहीण असेल तिथून भावानं उठायचं, ही रीतच. त्यात त्याला काही वेगळं वाटलंही नसेल. पण शॉट त्याचा होता आणि रिकामी जागा त्याच्या आईची होती. मेलेआनेनं तोंडावर म्हटलं असतं, की तू बस, मी जाते, तर तो शरमेनं मेला असता. तिनं पिसिलाच्या कानाशी तोंड नेलं.

"त्याला सांग, माझं डोकं दुखतंय, मी घरी गेले."

"धडधडीत खोटं?"

"पाप माझं."

"पोस्टमनचा पगार दुप्पट झाला," पिसिला म्हणाली, पण उठली.

मेलेआने स्वयंपाकाच्या दारानं बाहेर पडली. आत फिल्म सुरू झाली. कापडाआडून आवाज येत होता आणि डोळे मिटले तरी तिला प्रत्येक शॉट दिसत होता. ही साल सोलतायत. हा माझा जोड. हा त्यानं सरकवलेला. बायका कशाला तरी खो खो हसल्या, आणि त्या कुणाकडे बघून हसल्या हे तिला कळेना. जीव नुसता तळमळला. ऊन लागत होतं म्हणून ती पाण्याच्या टाकीच्या सावलीला वळली, तर समोर फिनाउ.

"तू आत का नाहीस?"

"तू डोकं दुखत असताना एकटी घरी जाणार, आणि मी फिल्म बघत बसू? सोडायला निघालो होतो तुला."

मेलेआनेनं कपाळाला हात लावला, तेव्हा ते खरंच दुखतंय असं वाटलं. "जा आत. अजून वेळ आहे."

"दार उघडलं की उजेड शिरतो, ताई. पडद्यावरचं सगळं पुसलं जाईल."

दोघं टाकीपाशी उभे राहिले, तो या टोकाला, ती त्या टोकाला. इथं पडदा नव्हता, त्यामुळे रीतही मोडत नव्हती.

आत मोगऱ्यांचा ताल चढत गेला आणि थांबला. नुसती समुद्राची गाज उरली. कुणी खोकलं नाही. मग आतून सरसर असा आवाज आला, आधी एका बाजूनं, मग दुसऱ्या. हा आवाज तिनं घातलेला नव्हता.

"काय झालं?" फिनाउनं विचारलं. "काही बिघडलं का?"

मेलेआने कान देऊन ऐकत राहिली. चटयांचा आवाज होता तो.

"सरकल्या," ती म्हणाली. "आतल्या बायका सरकून बसल्या."

तिला आज चेहरे बघायचे होते. बघावा असा एक चेहरा टाकीच्या त्या टोकाला होता. ती मात्र रस्त्याकडे बघत राहिली, आत मोगरी पुन्हा सुरू होईपर्यंत.