दोन डाव्या बाह्या

माझा नवरा गेल्यापासून त्याच्या बहिणीच्या स्वप्नात येतो. माझ्या स्वप्नात एकदाही आला नाही.

वन्सं हे सकाळी चहा घेताना सांगतात, आणि अशा सांगतात की जणू तो आत्ताच शेजारच्या खोलीतून उठून गेलाय. "काल पुन्हा आला होता गं." मी कपात बघत राहते. संसार मी केला, उशाशी बसून औषधं मी दिली, आणि भेटायला मात्र बहीण. माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

त्यातून त्यांची ती शांतता. सोबतीला म्हणून आल्या त्या राहिल्याच. सकाळी भिंतीला टेकून डोळे मिटून बसतात आणि उठतात तेव्हा चेहरा अगदी निवलेला. मीही एकदा शेजारी बसून पाहिलं. डोळे मिटले तर मशीनला तेल घालायचं राहिलंय हे आठवलं, मग पायाला मुंग्या आल्या. एक डोळा किलकिला करून बघितलं, तर बाई हसत होत्या. मी उठले आणि दुकानात गेले.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. कापायचं त्यानं, शिवायचं मी, अशी आमची वाटणी. त्याच्या मोठ्या कात्रीला कुणी हात लावलेला त्याला खपत नसे, मीसुद्धा नाही. कापलेले भाग आणि उरलेलं कापड एकत्र गुंडाळून तो माझ्या मशीनशेजारच्या फळीवर ठेवायचा. तो गेला तेव्हा फळी भरलेली होती. मी ते शिवत राहिले. कापडावर त्याच्या खडूच्या रेघा होत्या. त्यांच्यावरून सुई गेली, वरून इस्त्री फिरली, की रेघ गेलीच. म्हणून मी मुद्दाम सावकाश शिवायला लागले. गिऱ्हाइकं कुरकुरली, तर कुरकुरू दिली.

शेवटी एकच गुंडाळी उरली, हेडमास्तरांच्या कोटाची. ती मी फळीवर मागे सारून ठेवली. तो कोट झाला की माझ्याकडे त्याचं काही उरणार नव्हतं, आणि वन्संची स्वप्नं चालूच राहणार होती.

पण हेडमास्तर स्वतः येऊन उभे राहिले. "थंडी संपत आली. कोट काय पुढच्या जन्मी घालू?" नाइलाजानं गुंडाळी सोडली.

बाह्या हातात घेतल्या आणि थबकले. दोन्ही डाव्या होत्या. कापड दुमडून कापलं की एक डावी, एक उजवी निघते. त्यानं कापड न दुमडता, सुलट बाजू वर ठेवून, एकच बाही दोनदा कापली होती. उभ्या जन्मात त्याच्या हातून असं झालं नव्हतं. म्हणजे तेव्हाच अंगात ताप असणार, आणि हा बोलला नाही. मला इतका राग आला की बाह्या टेबलावर आपटल्या.

आवाज ऐकून वन्सं आल्या. "काय झालं?"

"तुमच्या भावाला विचारा. आज आला की विचारा, हेडमास्तरांना दोन डावे हात आहेत का. तुमच्याशीच बोलतो ना तो."

वन्सं स्टुलावर टेकल्या. "बोलत नाही गं. पाठमोरा असतो. या टेबलावर वाकून कापत असतो. मी हाका मारते, पण वळत नाही. कापलेलं तुझ्या फळीवर ठेवतो आणि पुन्हा कापायला लागतो."

"मग सकाळी हसता कशाला?"

"निदान पाठ तरी दिसली म्हणून." त्या फळीकडे बघत राहिल्या. "तुला तो केवढं काम ठेवून गेला. मशीनचा आवाज आला की माझा जळफळाट होतो. तो निवावा म्हणून तर डोळे मिटून बसते. माझ्यासाठी काय ठेवलं त्यानं?"

खरं सांगायचं तर ऐकून मला बरं वाटलं. लाज नंतर वाटली.

मी कात्री उचलली. ती जड होती, आणि कडी त्याच्या अंगठ्यानं झिजलेली. उरलेल्या कापडावर एक डावी बाही पालथी ठेवली. वन्संनी न सांगता कापडाचं टोक ताणून धरलं. लहानपणी भावाला असंच धरून द्यायच्या म्हणे. खडूची रेघ मी ओढली. कापड जेमतेम पुरत होतं, चूक परवडणार नव्हती. कात्री चालत होती तेवढा वेळ माझ्या मनात राग नव्हता, नवरा आता कुठे असेल हा प्रश्नही नव्हता. इतकी वर्षं समोर बसून नुसतं बघितलेलं हातात कधी उतरलं, कळलंच नव्हतं. वन्संना भिंतीला टेकून जे मिळतं ते बहुधा हेच. जिथे असशील तिथे सुखात राहा, मी मनात म्हटलं. तो गेल्यापासून पहिल्यांदाच मी त्याच्याकडे काही मागितलं नाही.

उजवी बाही निघाली. एक डावी उरली. ती कधी शिवली जाणार नव्हती, त्यामुळे तिच्यावरच्या रेघाही पुसल्या जाणार नव्हत्या. मी ती घट्ट धरून उभी राहिले. द्यावीशी मुळीच वाटत नव्हती. वन्सं बघत होत्या, पण मागत नव्हत्या.

"घ्या," मी म्हणाले. "ही तुमच्यासाठी ठेवलेली दिसते."

दुसऱ्या दिवशी चहा घेताना मीच विचारलं, "आला होता?"

"आला होता."

"वळला?"

"नाही." वन्संनी कप खाली ठेवला. "पण आज तूही होतीस टेबलापाशी. त्यानं सरकून तुला जागा दिली."

"म्हणजे तिथेही मला कामालाच लावलं," मी म्हणाले, आणि अर्धा चहा तसाच ठेवून दुकान उघडायला गेले.